ऊन शंभराचं, ऊस एकाचा

आमचे दाजी निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला असतात. चार एकर ऊस, वरच्या माळाला थोडी तंबाखू, आणि पहाटे साडेपाचला व्हॉट्सॲपवर सुविचार. गेल्या महिन्यात त्यांनी पाठवलेला मेसेज सुविचाराचा नव्हता, शास्त्राचा होता. तोच मेसेज दुपारी आमच्या खानापूरच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला, रात्री भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, आणि दोन दिवसांनी बेळगावात रविवार पेठेत बियाणं घ्यायला गेलो तर दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवून मलाच तो वाचून दाखवला. अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवल्यावर माणसाला गप्प बसता येत नाही. मेसेज असा होता:

“निसर्गापुढे माणूस शून्य! झाडाचं पान आपल्यावर पडलेलं ९५ टक्के ऊन वापरतं, माणसाचं सोलर पॅनेल जेमतेम २० टक्के. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीनं झाडातली सगळी उधळपट्टी काढून टाकली आहे. पानाला जितकं जास्त ऊन तितकं ते जास्त अन्न करतं. जंगलाला कोणी खत घालत नाही, तरी ते शेताहून जोमानं वाढतं. तेव्हा झाडात सुधारणा करायला निघालेले शास्त्रज्ञ म्हणजे सूर्याला काजवा दाखवणारे. पुढे पाठवा.”

खाली दाजींनी स्वतः लिहिलं होतं, “मास्तर, हे बघा.” बघितलं. आता एकेक करून घेतो.

“पान ९५ टक्के ऊन वापरतं.”

हा आकडा कुणी अगदी हवेतून काढलेला नाही, हे आधी मान्य करतो. हरितद्रव्याच्या रेणूवर प्रकाशाचा कण आदळला की त्याची ऊर्जा या रेणूकडून त्या रेणूकडं हातोहात सरकत एका केंद्रापर्यंत जाते, आणि खरं काम तिथं सुरू होतं. या प्रवासात गळती फार थोडी. परिस्थिती चांगली असली तर शंभरातले नव्वदाहून जास्त कण कामाच्या जागी पोचतात. ही किमया खरीच थक्क करणारी आहे आणि ती उत्क्रांतीचीच. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुतेक हीच बातमी अर्धी वाचली.

पण दाजी, कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी पडली म्हणजे साखर झाली का? फडातल्या शंभर टन उसातला पंच्याण्णव टन गव्हाणीपर्यंत पोचला, हे वेगळं. आणि उतारा, म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर, पंच्याण्णव टक्के लागला, हे वेगळं. साखरेचा उतारा अकरा-साडेअकरा लागला तरी कारखान्यात पेढे वाटतात. मेसेजनं गव्हाणीचा आकडा उताऱ्याच्या रकान्यात भरला आहे.

उन्हाचा उतारा काढायचा तर शंभर पैशांचं ऊन घेऊन बसू. त्यातले ५१ पैसे पानाच्या कामाच्या रंगांचेच नसतात. बराचसा भाग डोळ्याला न दिसणारा, नुसता तापवणारा. राहिले ४९. पाच पैसे पानावरून परत फिरतात किंवा पानातून आरपार जातात. ४४. निळ्या प्रकाशकणात तांबड्यापेक्षा ऊर्जा जास्त, पण केंद्राच्या लेखी दोघांची किंमत सारखीच. वरचे पैसे उष्णता होऊन उडतात. ३७. पुढं कार्बन डायऑक्साइडची साखर करायची, तर एका रेणूमागं निदान आठ प्रकाशकण मोजावे लागतात आणि त्यांच्यातली बरीचशी ऊर्जा वाटेतच खर्ची पडते. भात, गहू, सोयाबीन, तंबाखू असल्या पिकांत या टप्प्यावर साडेबारा पैसे शिल्लक. त्यानंतर एका प्रथिनाच्या चुकीपायी जवळजवळ निम्मे जातात (या चुकीवर पुढं सविस्तर येतो), आणि पिकाच्या स्वतःच्या श्वसनाला दोन. हातात साडेचार. ऊस, मका, ज्वारी यांची घडण वेगळी, त्यांच्या हाती सहा. हा हिशेब अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली मांडला, ३० अंश तापमान धरून. आणि ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे पाणी, खत, कीड, कशाचीच अडचण नाही असं गृहीत धरून.

शेतातला आकडा याहून खाली. तो मी दाजींच्याच उसावरून काढला, कारण स्वतःच्या शिवारातला आकडा माणूस मुकाट्यानं मानतो. विजेच्या युनिटमध्ये मोजू, बिल सगळ्यांनाच येतं. एक चौरस मीटर जमिनीवर दिवसाला सरासरी ५ युनिट ऊन पडतं असं धरलं, तर वर्षाचे १,८२५ युनिट. दाजींचा ऊस एकरी ४० टन. एकरात ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे मीटरमागं सुमारे १० किलो ऊस. त्यात सात किलो तर पाणीच. कोरडा माल ३ किलो. वाढे, पाचट, मुळ्या यांचा सढळ हातानं आणखी एक किलो धरू. झाले चार. वाळलेल्या वनस्पतीच्या किलोत साधारण पावणेपाच युनिट ऊर्जा असते. चार किलोचे १९ युनिट.

१,८२५ युनिट ऊन घातलं, १९ युनिट हाती लागले. उतारा एक टक्का. त्यातली साखर किती म्हणाल, तर दहा किलोला अकराच्या उताऱ्यानं १ किलो १०० ग्रॅम, ऊर्जा पाच युनिट. आणि ऊस हे उन्हाचा वापर करण्यात जगातल्या पहिल्या रांगेतलं पीक. सोयाबीनचा हिशेब मी दाजींना दाखवलाच नाही.

पॅनेलशी तुलना करायची तर सरळ करू नये, कारण पॅनेल वीज देतं आणि ऊस साखर साठवतो. त्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन केला, म्हणजे तीही साठवली, तरी दहा टक्क्यांच्या आसपास उरतात. तिथंही पॅनेल पुढं आहे. मात्र पॅनेलला फुटवे येत नाहीत आणि त्याचा खोडवा ठेवता येत नाही, हे दाजींचं म्हणणं मला मान्य आहे.

“उत्क्रांतीनं सगळी उधळपट्टी काढून टाकली.”

या मेसेजचं खरं मूळ इथं आहे, आणि शिकलेली माणसंसुद्धा इथंच फसतात. आपण समजतो की उत्क्रांती म्हणजे कुणी काटकसरी कारभारी, कोट्यवधी वर्षं चोपडी घेऊन बसलाय आणि एकेक पैशाची गळती बंद करत चाललाय. असा कारभारी कुणी नाही. उत्क्रांतीत एवढंच होतं की ज्या झाडाचं बी शेजाऱ्यापेक्षा जास्त रुजतं त्याची पिलावळ वाढते. ऊन वाया गेलं की कामी आलं, याची नोंद कुठंच होत नाही. शिवाय परीक्षा शेजाऱ्याशी, अव्वल दर्जाशी नाही. वासरात लंगडी गाय शहाणी ठरली, तरी तिचं दावण भरतं.

उत्क्रांती ही सहकारी सोसायटी नव्हे. भाऊबंदकी आहे.

दाजींच्या उसाच्या दक्षिणेला बांध आहे आणि बांधावर चुलतभावाची चिंच. तिच्या सावलीतल्या दोन सऱ्या कायम बसक्या. ऊस तिथं बारीक, बेणं म्हणून उचलायच्या लायकीचाही नाही. या चिंचेवरून दोन घरांत तेरा वर्षं बोलणं नाही, पण चिंचेचं काय बिघडलं? सावली पाडल्यामुळं तिच्या अन्नात एका कणाची भर पडत नसेल, पण तिच्या मुळांजवळ दुसरं काही माजत नाही. तिचं काम झालं. उन्हाच्या नजरेनं बघितलं तर शिवाराचं नुकसान. चिंचेच्या नजरेनं बघितलं तर यश.

हेच जंगलात जरा मोठ्या प्रमाणावर बघा. खानापुरातून जांबोटीकडं निघालं की साग, ऐन, किंजळ, जांभूळ, सरळ सोट वर गेलेली झाडं. वीस-पंचवीस मीटर लाकूड. ते कशासाठी? खोड उन्हातून अन्न करत नाही. ते उभारायला अन्न लागतं, जगवायला लागतं, आणि मुळातलं पाणी इतकं वर ओढायचं ते निराळंच. सगळ्या झाडांनी ग्रामसभा भरवून ठराव केला असता की गुडघ्याच्या वर कुणी वाढायचं नाही, तर सगळ्यांना आज मिळतं तेवढंच ऊन मिळालं असतं आणि लाकडाचा सगळा खर्च वाचून बियांत घालता आला असता. पण ठराव मोडणारं एक रोप उगवलं की संपलं. ते वीतभर वर जातं, बाकीच्यांवर सावली धरतं, त्याच्याच बिया पडतात. पुढची पिढी दीड वीत. ठराव करून वाट बघत बसायची सवय आम्हा सीमाभागातल्या माणसांना. झाडांना ती परवडत नाही.

म्हणजे ते भव्य जंगल उधळपट्टी काढून टाकल्यामुळं उभं नाही. उधळपट्टीची चढाओढ लागली म्हणून उभं आहे. मला ते त्यामुळं कमी सुंदर वाटत नाही, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर भजनी मंडळ माझ्यावर रागवेल.

भाऊबंदकीचा याहून बारीक नमुना पानातच आहे. सोयाबीनच्या शेंड्याचं पान भर दुपारी अंगावर पडणारं सगळं ऊन काही वापरू शकत नाही. पूर्ण उन्हाच्या तिसऱ्या हिश्शाला, फार तर निम्म्याला, त्याचं पोट भरतं. तरीही ते गडद हिरवं असतं, आडवं पसरतं, आणि हरितद्रव्य गरजेपेक्षा जास्त बाळगून जवळजवळ सगळा प्रकाश अडवतं. वरचं पान जरा फिकं असतं, जरा उभं असतं, तर जास्तीचं ऊन खालच्या उपाशी पानांना मिळालं असतं आणि सगळं शेत मिळून जास्त पिकलं असतं. पण खालचं पान स्वतःच्याच झाडाचं असेल याची खात्री काय? ते शेजारच्या तणाचंही असू शकतं. मला नको, पण तुला मिळू देणार नाही. बांधावरच्या भांडणात हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय.

आता त्या प्रथिनाकडं येतो. नाव रुबिस्को. हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून साखरेच्या कामाला लावायचं काम याचं. आपल्या ताटातला प्रत्येक घास याच्या हातून गेलेला. भात-सोयाबीनच्या पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांत निम्म्यापर्यंत हेच एकटं भरतं. युरियाचं पोतं पाठीवर वाहून दाजी जो नत्र घालतात त्याचा मोठा वाटा या एका गड्याच्या पगारात जातो. आणि गडी कसा, तर सेकंदाला तीन-चार रेणू हातावेगळे करणारा. शरीरातली चपळ विकरं त्याच वेळात लाखो रेणू उरकतात. वर आणखी, याला माणूस ओळखता येत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन आला तरी तोच उचलतो. साधारण २५ अंशांना चार वेळांतून एकदा. त्या चुकीतून तयार झालेला नको तो माल निस्तरायला झाडाला ऊर्जा खर्चावी लागते आणि आधी पकडलेला कार्बनही थोडा सोडावा लागतो. हवा जितकी तापलेली, चूक तितकी जास्त.

कोट्यवधी वर्षांत ही चूक सुधारली कशी नाही? कारण रुबिस्को घडला तेव्हा ती चूकच नव्हती. २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, मग ओळख पटवायची गरज कुणाशी? पुढं प्रकाशावर जगणाऱ्या जिवांनीच हवेत ऑक्सिजन भरला आणि स्वतःच्याच गड्याची पंचाईत करून ठेवली. तोवर सगळा संसार त्याच्या भोवती बांधून झालेला. त्याच्यात बारीक बदल करून बघावा, तर ओळख सुधारते तेव्हा वेग पडतो आणि वेग वाढतो तेव्हा ओळख बिघडते. वाडा पाडून नवा बांधायची सोय उत्क्रांतीला नसते, कारण बांधकाम चालू असताना त्यात राहायचंही असतं. ती मागं पडवी काढते, पुढं सोपा ओढते.

अशी एक पडवी मात्र अप्रतिम निघाली, आणि ती दाजींच्या शेतात उभी आहे. उसाच्या पानात शिरांभोवती पेशींचं एक बंद कडं असतं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडतात, चार कार्बनच्या आम्लात बांधून आत नेतात आणि आत सोडतात. रुबिस्को आत कोंडलेला. त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडची इतकी गर्दी की ऑक्सिजनला हात लावायची वेळच येत नाही. गडी बदलला नाही, त्याला खोलीत घालून बाहेर राखणदार बसवला. हे कळलं तेही उसावरूनच: हवाईतल्या ऊस संशोधन केंद्रात कोर्टशॅक, हार्ट आणि बर यांनी १९६५ मध्ये, आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी. ही घडण वेगवेगळ्या वनस्पतींत साठाहून जास्त वेळा स्वतंत्रपणे उगवली आहे. एवढी चांगली युक्ती, तरी फुलझाडांच्या शंभर जातींतल्या तीन-चारच जातींत ती सापडते आणि जंगलातल्या मोठ्या वृक्षांत जवळजवळ नाहीच. कारण राखणदाराचा पगार द्यावा लागतो, आणि सावलीत, गारव्यात तो परवडत नाही. आपल्या भात, सोयाबीन, भुईमूग, रताळी, तंबाखू यांच्यात ती नाही. उत्क्रांती कारभारी असती तर बेळगावच्या उन्हात रताळ्याला तिनं असं वाऱ्यावर सोडलं नसतं.

“जितकं जास्त ऊन, तितकं जास्त अन्न.”

हे खोडायला प्रयोगशाळा नको, मे महिन्यातल्या मक्याच्या किंवा ज्वारीच्या शेतात दुपारी एक वाजता जावं. पानं सुरळी करून उभी असतात. सोयाबीनला ताण पडला की त्याची पानं सूर्याकडं कड करून उभी राहतात. झाड ऊन टाळतंय, सरळ. कारण अडचण उन्हाची नाही, पाण्याची आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड अवघा ०.०४ टक्के, तो आत घ्यायला पानाची छिद्रं उघडली की एका रेणूच्या बदल्यात पाण्याचे काहीशे रेणू उडून जातात. बहुतेक झाडांना बहुतेक दिवस उन्हाची ददात नसतेच. पाण्याची असते, नत्राची असते. फुकटच्या वस्तूत काटकसर शिकवायला उत्क्रांतीला काय पडलंय?

उलट जास्तीचं ऊन घातक असतं. पानात शिरलेली ऊर्जा कामाला लागली नाही की ती पानाचीच नासधूस करते. म्हणून पान कडक ऊन लागताच एक ब्रेक लावतं आणि जास्तीची ऊर्जा मुद्दाम उष्णतेत घालवतं. ब्रेक लागतो झटकन, सुटतो मात्र सावकाश. आपल्याकडं जुलैत घाटावरून ढग कसे पळतात ते आठवा. ऊन, सावली, ऊन, सावली, मिनिटामिनिटाला. सावली आली तरी पान बराच वेळ ब्रेक दाबूनच बसलेलं, आणि तेव्हा मिळणारं थोडंफार ऊनही गेलं वाया.

हा ब्रेक लवकर सुटावा म्हणून इलिनॉयच्या शास्त्रज्ञांनी एका पिकाची तीन जनुकं वाढवली. २०१६ मध्ये निकाल आला: शेतात वाढवलेल्या झाडांचं वाळलेलं वजन १४ ते २० टक्क्यांनी जास्त. २०१९ मध्ये त्याच विद्यापीठात रुबिस्कोच्या चुकीचा माल निस्तरायला आखूड रस्ता बसवून दिला, तर वाढ ४० टक्क्यांवर गेली. दोन्ही वेळा पीक कुठलं होतं? तंबाखू. जनुकं घालायला सोपी म्हणून निवडलेली. विडीशी काही संबंध नाही. हे सांगितल्यावर दाजी पहिल्यांदा मेसेजच्या विरुद्ध बाजूला सरकले. “काय सांगता मास्तर! आमची तंबाखू?” तुमची नाही, दाजी. पण जातभाई.

पुढं सोयाबीनवर ब्रेकचा प्रयोग झाला. एका हंगामात दाणे सरासरी २४ टक्क्यांच्या आसपास वाढले, पुढच्या हंगामात पीक लोळलं आणि फरक दिसला नाही. शेती म्हटल्यावर असं होणारच. पण दोन-तीन जनुकं हलवून झाडाची वाढ इतकी पुढं सरकत असेल, तर कोट्यवधी वर्षांत काही शिल्लकच राहिलं नाही हे म्हणणं टिकत नाही.

“जंगल शेताहून जोमानं वाढतं.”

हा मुद्दा पटकन उरकतो. उष्ण कटिबंधातल्या सदाहरित जंगलाची वर्षाची वाढ पुस्तकांत चौरस मीटरला कोरडी दोन-सव्वादोन किलो देतात. दाजींचा ऊस वर काढला तसा चार किलो. अर्थात उसाला नदीचं पाणी आणि पोत्यानं खत, जंगलाला आपल्याच पाचोळ्याचं. तेव्हा ही कुस्ती बरोबरीची नाही आणि उसाची पाठ थोपटायलाही मी बसलेलो नाही. पण जोमाचा दावा मेसेजचा होता. जंगल उंच दिसतं ते शेकडो वर्षांची शिल्लक उभी राहिल्यामुळं. त्यावरून वर्षाची कमाई काढू नये.

“सुधारणा करणारे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणारे.”

माणसाला उत्क्रांतीवर मात करायला तिच्याहून हुशार असावं लागत नाही. वेगळं काही हवं असलं की पुरतं. दाजी तंबाखूचा शेंडा का खुडतात? झाडाला फूल काढून बी धरायचं असतं, दाजींना पान जाड हवं असतं. उसाला तुरा आला की ते वैतागतात. उसाच्या दृष्टीनं तो जन्माचा सोहळा, पण वाढ थांबते आणि साखरेला उतरती कळा लागते. चाळीस वर्षं रोज उत्क्रांतीच्या विरोधात कात्री चालवणाऱ्या माणसानं हा मेसेज पुढं पाठवावा, याचं मला जास्त नवल वाटलं.

जुनी उंच भातं माझ्या वडिलांनी केलेली मी पाहिली आहेत. छातीला लागायची. चांगलं खत पडलं की आणखी उंच व्हायची, आणि परतीचा पाऊस आला की एका रात्रीत सगळं शेत झोपायचं. सकाळी वडील बांधावर नुसते उभे राहायचे. ती उंची भाताला शेजारच्या भातावर आणि तणावर सावली धरायला लागत होती. माणूस तण काढतो म्हटल्यावर तिचं काम संपलं होतं, पण भाताला ते कुणी सांगायचं? १९६६ मध्ये फिलिपिन्समधल्या भात संशोधन संस्थेनं आयआर ८ ही बुटकी जात दिली. त्याच सुमारास अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांचे बुटके गहू आपल्याकडं आले. त्या पानांनी उन्हाचा वापर काही फारसा चांगला केला नाही, हे लक्षात घ्या. काडीत जाणारं अन्न दाण्यात गेलं आणि पीक लोळायचं थांबलं, एवढ्यावर देशाची कोठारं भरली. मघाशी जो ठराव म्हटला, गुडघ्याच्या वर वाढायचं नाही, तो झाडांनी केला नव्हता. माणसानं करून दिला.

आणि ऊस तर अख्खाच माणसाच्या हातचा. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथं बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड, जाड उसाचा रानटी उसाशी संकर केला आणि १९१८ मध्ये को २०५ बाहेर आला. आज दाजी लावतात तो को ८६०३२ त्याच केंद्रातला. रानात एकटा वाढून तो कधी आपल्या वाट्याला आला नसता.

हे सगळं मी दाजींना फोनवर सांगितलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्याकडं जाऊन आलो, बहिणीलाही भेटणं झालं. खोडव्याच्या फडात आम्ही पाला बाजूला करत दहा पावलं आत गेलो, तर दुपारी बारा वाजता आत संध्याकाळ. वर हिरवंगार, खाली गुडघ्यापासून छातीपर्यंत वाळलेलं पान; कमाईपेक्षा खर्च जास्त झाला म्हणून उसानंच सोडून दिलेलं. जमिनीवर रुपयाएवढे चार-दोन उन्हाचे ठिपके हलत होते. “इथं तर एक पैसा वाया जात नाही,” दाजी म्हणाले.

बरोबर होतं ते. मग आम्ही बाहेर आलो आणि शेजारच्या नव्या लावणीत गेलो. साडेचार फुटी सऱ्या, कोंब बोटभर वर आलेले. ऊस जमीन झाकेपर्यंत अजून तीन-साडेतीन महिने, आणि वर्षातलं सगळ्यात कडक ऊन याच महिन्यांतलं.

“यंदा मधे काही टाकलं नाही?” मी विचारलं.

“गेल्या साली भुईमूग टाकला होता,” दाजी म्हणाले. “यंदा माणसंच मिळाली नाहीत.”

सरीतली काळी माती तापून भेगाळली होती. चप्पल घालूनही पाय भाजत होते.